पहिल्या नंबरचं गाणं कुणी ठरवलं?



३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई चौधरी गेल्या. बरोबर एक वर्षाने, ३ डिसेंबर १९५२च्या बुधवारी, रेडिओ सिलोनवरून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. त्याच १९५२ साली बहिणाबाईंच्या गाण्यांचं पुस्तकही निघालं. या गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. पण आमचं सोयगाव अजिंठ्याच्या डोंगराखाली, जळगाव जिल्ह्याच्या हद्दीला लागून. बहिणाबाईंचं आसोदं आम्हाला जिल्ह्याच्या गावापेक्षा जवळचं. त्यामुळे इथल्या बाईच्या कानावर दोन्ही तऱ्हेची गाणी पडत आली, जात्यावरची आणि रेडिओवरची. जात्यावरच्या गाण्याला कधी नंबर मिळाला नाही. रेडिओवरच्या गाण्याला दर आठवड्याला मिळाला. त्या नंबरवाल्या गाण्यांबद्दल मला या वेळी लिहायचं आहे.

काहीजणींना विषय हलका वाटेल. कापूस वेचणीची मजुरी, रेशन, हुंडा, मारझोड हे सगळं समोर असताना जुनी फिल्मी गाणी कशाला उकरायची? कारण ती जुनी झालेली नाहीत. हळदीला, वरातीत, गणपतीपुढे आजही तीच वाजतात. आणि आपल्यातही त्यांच्यावरून दोन तट आहेत. तरुण कार्यकर्त्या म्हणतात, ही गाणी बाईला बाहुली करतात, आपल्या कार्यक्रमात ती नकोत. साठी-सत्तरीच्या मैत्रिणी म्हणतात, याच गाण्यांनी आम्हाला जगवलं, त्यांना नावं ठेवू नका. मला दोघींचंही पटतं. म्हणूनच गाणी सरसकट उचलून धरण्यापेक्षा किंवा फेकून देण्यापेक्षा ती एकेक करून तपासावीत, असं मला वाटतं.

आधी हे नंबर लागत कसे ते पाहू. गीतमालेत गाण्यांचे क्रमांक ठरत ते मुख्यतः दुकानांतल्या रेकॉर्डच्या विक्रीवर आणि ठिकठिकाणच्या श्रोता संघांच्या मतांवर. आता विचार करा, आपल्या तालुक्यातली किती बाई दुकानात जाऊन रेकॉर्ड विकत घेत होती? किती जणी संध्याकाळी श्रोता संघात बसायला मोकळ्या होत्या? त्या काळी रेडिओला पोस्टातून परवाना काढावा लागे. परवाना घरातल्या पुरुषाच्या नावाने, रेडिओचं बटणही त्याच्याच हाती. बुधवारी रात्री आठची वेळ म्हणजे भाकऱ्या थापायची वेळ. बाई ऐकायची ती चुलीपुढून, भिंतीपलीकडून. तिला गाणं पाठ व्हायचं, पण तिचं मत कुठे मोजलं गेलं नाही. 'साऱ्या देशाची आवड' म्हणून जे सांगितलं गेलं, त्यात तिची आवड धरलेली नव्हती.

निवेदक अमीन सयानी मात्र श्रोत्यांना हाक मारताना बहिणींना आधी आणि भावांना नंतर घेत. २० फेब्रुवारी २०२४ रोजी ते गेले तेव्हा त्यांच्या आवाजाबद्दल खूप लिहून आलं. त्यांच्या आईबद्दल त्या मानाने कमी आलं. कुलसुम सयानी या प्रौढ शिक्षणाचं काम करणाऱ्या कार्यकर्त्या. नवसाक्षरांसाठी त्या 'रहबर' नावाचं पत्र काढत आणि अमीन सयानींनी त्या कामात त्यांना हातभार लावला होता. सर्वांना कळेल अशी सोपी भाषा त्यांनी तिथे घोटली. देशभर गाजलेल्या त्या बोलण्यामागे एका बाईने चालवलेलं लहानसं नियतकालिक होतं, हे आपल्यासारख्या अंक काढणाऱ्यांनी तरी विसरू नये.

आता गाणी कुणाची? गळा बाईचा, हे खरं. १९६८, १९६९ आणि १९७० अशी सलग तीन वर्षं वर्षातलं पहिलं गाणं लताबाईंचं होतं. १९७२ला आशाबाईंचं, १९७८ला हेमलता यांचं. पण शब्द पुरुषाचे, चाल बहुतेक वेळा पुरुषाची, पैसा पुरुषाचा. १९८३ सालचं पहिलं गाणं 'सौतन'मधलं, त्याला संगीत उषा खन्ना यांचं. संगीतकार बाई आणि पहिला नंबर, असा योग दुर्मीळ. आणि तो आला तोही सवतीच्या गोष्टीत!

गळ्याची किंमत तरी मिळाली का? १९४९ साली 'महल'मधलं लताबाईंचं गाणं घराघरांत गेलं, पण रेकॉर्डवर त्यांचं नाव नव्हतं. पडद्यावरच्या पात्राचं 'कामिनी' हे नाव छापलेलं होतं. आमच्या तालुक्यातल्या अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात महाजनक जातकाच्या चित्रात नाचणारी आहे, तिच्याभोवती वाद्यं वाजवणाऱ्या बायकांचा ताफा आहे. जगभरचे लोक ते चित्र पाहायला येतात. त्या बायकांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. १९४९मध्येही रीत फारशी बदललेली नव्हती. पुढे साठच्या दशकात लताबाईंनी गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून भांडण मांडलं आणि बड्या सहकाऱ्यांशी वाकडं घेतलं. गाणाऱ्यांचा हा हक्क कायद्यात स्पष्ट लिहिला गेला तो २०१२च्या दुरुस्तीत. लताबाईंची अनेक मतं आपल्याला पटणारी नसतील. पण कामाचा मोबदला मागणारी बाई म्हणून त्यांना आपल्या इतिहासात जागा द्यायला हवी.

आता माझी मतं सांगते. ती माझी आहेत, मंडळाची नव्हेत.

१९६४ सालचं पहिलं गाणं 'संगम'मधलं. नायिका पाण्यात पोहते आहे. तिचे कपडे नायकाने पळवले आहेत. तो झाडावर बसून तिला विचारत राहतो, तू माझी होशील की नाही? ती नाही म्हणते. पुन्हा विचारतो, पुन्हा नाही. तो थांबत नाही, आणि शेवटी तिच्या तोंडून हो वदवून घेतलं जातं. चाल गोड आहे, तिच्यात नदीचं वाहणं आहे, हे मान्य. तरीही हे गाणं मला आवडत नाही. ओल्या अंगाने, कपड्यांवाचून अडकलेल्या बाईचा होकार हा होकार नसतो.

यात एवढं काय, असं विचारणाऱ्यांना मी मथुरा प्रकरण आठवून द्यायला सांगते. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १९७८च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने प्रतिकार केल्याचं दिसत नाही, म्हणजे संमती होती, असा त्याचा रोख. १९७९मध्ये चार प्राध्यापक-वकिलांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या, १९८३मध्ये कायदा बदलला. नुसता प्रतिकार केला नाही म्हणून संमती धरता येणार नाही, हे कायद्यात लिहून यायला मात्र २०१३ उजाडलं. गाण्यामुळे असा निकाल लागला, असं मी म्हणत नाही. पण बाईच्या 'नाही'ला फारसा अर्थ नसतो ही जी समजूत गाण्यात हसतखेळत होती, तीच निकालात गंभीर भाषेत आली. दोन्ही एकाच समाजातून आली होती.

दुसरं गाणं १९८१ सालचं, 'लावारिस'मधलं. नायक बाईचं सोंग घेऊन नाचतो आणि बायकोच्या शरीराची एकेक तऱ्हा घेऊन टर उडवतो. उंच बायको, जाडी बायको, काळी बायको, बुटकी बायको. सगळा देश हसला. अजूनही लग्नात ते वाजतं आणि मांडवातल्या उंच, जाड, काळ्या, बुटक्या बायका ओठ दाबून हसतात. ज्या घरात सावळ्या रंगापायी हुंड्याचा आकडा वाढला, त्याच घरच्या लग्नात हे गाणं वाजलेलं मी ऐकलं आहे.

आणि १९९३? त्या वर्षी 'खलनायक'मधल्या चोळीच्या गाण्याने पहिला नंबर घेतला. केवढा गदारोळ झाला! बंदीसाठी न्यायालयात अर्ज झाला. संस्कृती बुडाली म्हणून अग्रलेख आले. ते गाणं दोघींनी गायलं, अलका याज्ञिक आणि इला अरुण यांनी. नाच बसवला सरोज खान यांनी. मला विचाराल तर कॅमेरा जिथे जिथे फिरतो तिथे माझी हरकत आहे. पण आपल्या ओव्यांत, डोहाळ्यांत, लग्नातल्या उखाण्यांत बायकांची थट्टा कधी सोवळी होती? बायका बायकांशी अंगाविषयी बोलतात म्हणून न्यायालय गाठायचं आणि पुरुष बायकोच्या अंगाची टर उडवतो ते गाणं करमणूक म्हणून चाळीस वर्षं वाजवायचं, हा कुठला न्याय? स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा कायदा १९८६पासून आहे. पण असभ्य म्हणजे फक्त उघडं अंग, अशीच त्याची समजूत करून घेतली गेली. अपमान हा असभ्यतेत मोडतो की नाही, हा प्रश्न आपण विचारायला हवा.

मला आवडलेलीही गाणी आहेत. १९७५ला पहिलं आलेलं 'रोटी कपडा और मकान'मधलं महागाईचं गाणं मला जवळचं वाटतं. १९७२चा दुष्काळ मराठवाड्याने अंगावर काढला होता, बायका कामावर खडी फोडत होत्या. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. रेडिओवर त्या वर्षी महागाई पहिली आली, कारण आधी ती चुलीपाशी पोचली होती. दुसरं १९७७चं, 'लैला मजनू'मधलं. हातात दगड घेतलेल्या जमावासमोर एक बाई उभी राहते आणि माझ्या माणसाला मारू नका म्हणते. प्रेम केलं म्हणून पोटच्या पोरीला संपवणाऱ्या बातम्या आजही येतात. त्यामुळे ते गाणं मला जुनं वाटत नाही.

आणि एक गाणं, जे वर्षाचं पहिलं आलं नाही. १९५८च्या 'साधना'मध्ये साहिर लुधियानवींनी बाईच्या विक्रीवर जळजळीत गाणं लिहिलं, लताबाईंनी गायलं. त्या वर्षी पहिला नंबर मिळाला 'सोलवाँ साल'मधल्या एका मजेदार प्रेमगीताला. हेमंतकुमारांच्या त्या गाण्यावर माझा राग नाही. पण नंबर म्हणजे गुणवत्ता नव्हे, एवढं यातून शिकावं.

मग वाईट गाण्यांवर बंदी घालावी का? याचंही उत्तर गीतमालेच्या जन्मातच आहे. १९५२ साली नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी लोकांची अभिरुची सुधारायची म्हणून आकाशवाणीवरच्या सिनेसंगीताला कात्री लावली. लोकांनी रेडिओचा काटा कोलंबोकडे वळवला. शेवटी १९५७मध्ये सरकारलाच विविध भारती सुरू करावी लागली. वरून लादलेली अभिरुची टिकत नाही. आणि बंदीचा अधिकार एकदा दिला की तो आपल्यावरही उलटतो, हे चोळीच्या वेळी कोण कोण आरडाओरडा करत होतं ते आठवलं तरी समजेल.

बंदीपेक्षा जुनी आणि बरी वाट आपल्या चळवळीकडे आहे. लोकांच्या ओठावरच्या चाली घ्यायच्या आणि त्यात आपले शब्द भरायचे. कमला भसीन यांनी हे आयुष्यभर केलं. चाल कुणा एकाच्या बापाची नाही, ती पाठ केली आहे आपण, चुलीपुढे बसून.

आणि राहिली मोजणी. ती आता आपण करू. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या, तेव्हा बायकांनी काय काय गायलं होतं ते जगाला दिसलं. आपण त्या मानाने लहानसं काम करू. प्रत्येक गटाने आपल्या गावातल्या दहा बायकांना तीन प्रश्न विचारावेत. तुम्ही एकट्या असताना कोणतं गाणं म्हणता? कोणतं गाणं वाजलं की उठून जावंसं वाटतं? आणि तुमच्या आईचं, आजीचं कोणतं गाणं तुम्हाला येतं? सिनेमातलं असो, ओवी असो, भीमगीत असो, गवळण असो, कव्वाली असो, सगळं लिहून घ्या. जमलं तर मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. पुढच्या अंकात आपली यादी छापू, नंबर न लावता.

प्रत्येक गाण्यापुढे गाणारीचं नाव आणि गाव लिहा. नाव छापायचं की नाही हे तिला आधी विचारा. ती नाही म्हणाली, तर ते नाहीच समजा.