सर्व्हर आपोआप पडत नाही

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. जुलैचा शेवटचा आठवडा होता. अकोला जिल्ह्यातल्या आमच्या गावात सोयाबीनची डवरणी चालली होती. एका सरकारी योजनेच्या अर्जाची मुदत संपत आली होती, म्हणून बाबा डवरं सोडून तालुक्याच्या सेवा केंद्रावर गेले. सलग चार दिवस गेले. सकाळी आठला रांगेत उभं राहायचं आणि दुपारी परत यायचं. चारही दिवस त्यांना एकच उत्तर मिळालं : "सर्व्हर डाऊन हाये काका. उद्या येजा."

चौथ्या दिवशी मुदत संपली. अर्ज गेला नाही. ज्यांचे गेले त्यांना पुढे पैसे मिळाले, आम्हाला मिळाले नाहीत.

त्याच आठवड्यात मी अमरावतीच्या भाड्याच्या खोलीत ऑन-कॉल होतो. कोविडनंतर माझी पुण्यातली नोकरी मी अमरावतीतूनच करतो. परदेशातल्या एका कंपनीचं बूट विकणारं संकेतस्थळ ज्या व्हर्च्युअल मशीनवर चालतं, त्या सांभाळणं हे माझं काम. रात्री दोनला फोन वाजला. संकेतस्थळ बंद होतं. आत शिरून पाहिलं तर लॉगच्या फाइलींनी डिस्क शंभर टक्के भरली होती. जुने लॉग हलवले, सेवा सुरू केली. एकूण 11 मिनिटं गेली. दुसऱ्या दिवशी मी त्या 11 मिनिटांवर चार पानी अहवाल लिहिला. केव्हा बंद पडलं, कशामुळे, आधी का कळलं नाही, पुन्हा होऊ नये म्हणून कोण काय करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, असं सगळं त्यात होतं. त्या ग्राहकाला तो अहवाल मागण्याचा करारानेच हक्क होता.

11 मिनिटं बूट विकले गेले नाहीत, त्याची चार पानं झाली. चार दिवस एका तालुक्यातले शेतकरी अर्ज भरू शकले नाहीत, त्याची एक ओळही कुठे नाही. माझं भांडण याच्याशी आहे.

रविवारी गावी गेलो तेव्हा बाबांनी विचारलं, "तू तं हेच काम करतं ना? मंग सांग, थो सर्व्हर रोज काहून पडते?"

मी काहीतरी थातुरमातुर सांगितलं. नीट उत्तर आता देतो.

*

सर्व्हर म्हणजे शेवटी एक संगणकच. पूर्वी एका कामाला एक पेटी असे. आता एका मोठ्या पेटीत सॉफ्टवेअरच्या मदतीने दहावीस वेगवेगळे संगणक थाटतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. प्रत्येकाला वाटतं की आपण स्वतंत्र आहोत, पण प्रोसेसर, मेमरी, डिस्क सगळं सामायिक. आमच्याकडे याचं उदाहरण शेतात सापडतं. एका डीपीवर जितके पंप चालू शकतात त्याहून जास्त जोडण्या दिलेल्या असतात, कारण सगळे एकाच वेळी पंप सुरू करणार नाहीत असा हिशेब असतो. पण थ्री-फेज रात्री ठरावीक तासच येते, ती आली की सगळे एकदमच सुरू करतात आणि डीपी जळते. व्हर्च्युअल मशीनचंही तेच. पेटीत 256 जीबी मेमरी असताना वाटप 400 जीबीचं करता येतं. एरवी निभावून जातं. मुदतीच्या शेवटच्या दिवशी निभत नाही.

म्हणजे "सर्व्हर डाऊन" हे कारण नव्हे, ते लक्षण आहे. तापासारखं. ताप आला म्हटल्यावर डॉक्टर टायफॉइड की मलेरिया ते शोधतो. सर्व्हरच्या तापाचीही कारणं मोजकीच असतात आणि आमच्या धंद्यात ती पाठ असतात. डिस्क भरते. कधी डिस्कवर जागा असते, पण लाखो बारक्या फाइलींमुळे फाइलींची नोंदवही भरते आणि नवी फाइल तयारच होत नाही. संकेतस्थळाच्या सर्टिफिकेटची मुदत संपते. ती तारीख तर आधीपासून त्यावरच लिहिलेली असते. डेटाबेस एका वेळी दोनशे जोडण्या घेऊ शकत असतो आणि दारात दोन हजार उभ्या राहतात. एखाद्या मशीनचं घड्याळ काही मिनिटं मागे पडतं आणि समोरची यंत्रणा तिची प्रत्येक विनंती शिळी म्हणून नाकारते. यातलं काहीही आकाशातून पडत नाही. प्रत्येक कारणामागे एक न घेतलेला किंवा चुकीचा घेतलेला निर्णय असतो.

शेवटच्या दिवशीची गर्दी तर अजिबात अनपेक्षित नसते. मुदत सरकारनेच ठरवलेली असते. खातेदार किती ते सरकारलाच माहीत असतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बाजारात गर्दी होणार हे घुंगरमाळा विकणाऱ्याला कळतं, तो माल भरून ठेवतो. खोटी गर्दी सोडून यंत्रणा किती ताण सोसते हे आधी तपासण्याची साधनं आमच्याकडे फुकट मिळतात. पण ती वापरावी लागतात.

*

आता माझी बाजू. ती न सांगता दुसऱ्यावर बोट दाखवणं बरं नाही.

अमरावतीत इंजिनिअरिंग संपवून मी पहिली नोकरी एका छोट्या कंपनीत केली. तिच्याकडे एका सार्वजनिक सेवेच्या संकेतस्थळाचं काम दुसऱ्या कंत्राटदाराकडून आलं होतं. त्यातल्या एका मशीनची मेमरी हळूहळू भरत जायची आणि दीडदोन दिवसांत ती गुदमरायची. प्रोग्रॅम मेमरी घेत होता, पण परत करत नव्हता. चूक नेमकी कुठे आहे हे शोधायला आठवडा लागला असता. मला सांगितलं गेलं, "रीस्टार्ट लाव." मी रोज रात्री दोनला मशीन आपोआप रीस्टार्ट होईल अशी एक ओळ लिहिली. तक्रारी थांबल्या. माझं कौतुकही झालं.

काही महिन्यांनी लॉग चाळताना लक्षात आलं की रात्री दोनलाही लोक अर्ज भरत होते. दिवसा चालत नाही म्हणून केंद्रवाले रात्री जागून भरत असणार. माझ्या रीस्टार्टने त्यांचे अर्धवट अर्ज रोज पुसले जात होते. किती, ते मोजता येईना, कारण रीस्टार्टनंतर त्या सत्राची नोंदही उरत नव्हती. मी वरिष्ठांना सांगितलं. "चालतंय ना? राहू दे," एवढं उत्तर मिळालं. मी राहू दिलं. पुढे नोकरी बदलली. ती ओळ अजून तिथे असेलही.

त्या रांगेतल्या कुणालातरी दुसऱ्या दिवशी "सर्व्हर डाऊन" हेच ऐकावं लागलं असणार. तो सर्व्हर मी पाडत होतो. रोज, वेळेवर.

म्हणून "रीस्टार्ट करून बघ" या आमच्या धंद्यातल्या मंत्राची मला चीड आहे. रीस्टार्ट कधीकधी करावाच लागतो, सेवा आधी उभी करणं योग्यच. पण आधी मेमरीत काय आहे, कुठली प्रक्रिया अडकली आहे, लॉग काय सांगतो हे टिपून न घेता केलेला रीस्टार्ट म्हणजे पंचनाम्याआधी धुतलेली जागा. पुरावा जातो, कारण राहतं.

*

महाराष्ट्राने हे मोठ्या प्रमाणावर पाहिलेलं आहे. जून 2017 मध्ये 34 हजार कोटींची शेतकरी कर्जमाफी जाहीर झाली आणि तिच्यासाठी ऑनलाइन अर्ज सक्तीचा केला गेला. नवराबायकोने केंद्रावर जायचं, आधार जुळवायचं, अंगठे द्यायचे. रांगा लागल्या, अंगठे जुळेनात, संकेतस्थळ अडकलं, मुदत वाढवावी लागली. 18 ऑक्टोबर 2017 ला ऐन दिवाळीत प्रमाणपत्रं वाटली गेली आणि त्यानंतर याद्यांमधल्या चुका निघत राहिल्या.

डिसेंबर 2019 मध्ये पुन्हा कर्जमाफी जाहीर झाली. या वेळी अर्जच ठेवला नाही. माहिती बँकांकडून घेतली, याद्या लावल्या, शेतकऱ्याने फक्त आधारची पडताळणी करायची. त्या योजनेतही अडचणी आल्याच. पण तेच राज्य, तेच शेतकरी, आणि रांगेचं मूळ कारण एका निर्णयाने काढून टाकता आलं. म्हणजे 2017 ची रांग ही तंत्रज्ञानाची अपरिहार्यता नव्हती. ती रचना कुणीतरी निवडली होती.

त्याच 2017 साली मुंबई विद्यापीठाने सुमारे 17 लाख उत्तरपत्रिका पडद्यावर तपासण्याचा घाट घातला आणि निकाल महिनोन् महिने लांबले. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून हटवण्यात आलं. जबाबदारी निश्चित झाली, चांगलं झालं. पण एक माणूस घरी पाठवणं आणि कारण शोधणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्व्हरला दोष दिला की कुणीच दोषी राहत नाही, एका माणसाला दोष दिला की बाकी सगळे सुटतात. दोन्ही वेळा यंत्रणा तशीच राहते.

उलट उदाहरणही 2017 चंच आहे. 31 जानेवारीला गिटलॅब या कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने दमलेल्या अवस्थेत चुकीच्या मशीनवर आज्ञा चालवून मुख्य डेटाबेस पुसला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, वेळेला एकही कामी आली नाही. सहा तास जुनी एक प्रत योगायोगाने हाताशी होती, तिच्यावर निभावलं. कंपनीने हे सगळं जगासमोर मांडलं, दुरुस्तीचं थेट प्रक्षेपणसुद्धा केलं. त्या कर्मचाऱ्याला बळीचा बकरा केलं नाही. बॅकअप चालतात की नाही हे कुणी तपासतच नव्हतं, हा खरा दोष त्यांनी लिहून काढला. तो अहवाल मी कॉलेजात वाचला आणि बॅकअप घेणं म्हणजे काय हे मला अभ्यासक्रमापेक्षा त्यातून जास्त कळलं.

*

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं असतं : खासगी कंपनीला परवडतं, सरकारला कसं जमणार? एवढी मोठी लोकसंख्या, एवढा भार.

भाराचं म्हणाल तर याच देशात यूपीआयवर रोज कोट्यवधी व्यवहार होतात आणि कुठल्या बँकेचे किती व्यवहार तांत्रिक कारणाने फसले याची आकडेवारी दर महिन्याला जाहीर होते. जबाबदारीचं म्हणाल तर डिसेंबर 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने वारंवार सेवा बंद पडल्याबद्दल एचडीएफसी बँकेला नवी क्रेडिट कार्डं देण्यापासून आणि नव्या डिजिटल सेवा आणण्यापासून रोखलं होतं. ते निर्बंध पूर्ण उठायला मार्च 2022 उजाडला. देशातल्या सर्वात मोठ्या खासगी बँकेला "सर्व्हर डाऊन" एवढं म्हणून सुटता आलं नाही. आणि आमच्या डीपीसाठीही नियम आहे. ग्रामीण भागात जळलेली डीपी 48 तासांत बदलून द्यावी, नाही तर ग्राहकाला भरपाई द्यावी, असं वीज नियामक आयोगाचं मानक सांगतं. ते किती पाळलं जातं हे आम्हाला ठाऊक आहे. तरी भांडायला हातात कागद असतो. सर्व्हरसाठी तोही नाही.

खरा फरक पैशाचा नाही. बूट घेणारा दुसऱ्या दुकानात जाऊ शकतो. शेतकरी दुसऱ्या सरकारी संकेतस्थळावर जाऊ शकत नाही. ज्याला दुसरीकडे जाता येत नाही त्याला कुणी अहवाल देत नाही.

म्हणून माझ्या मागण्या अगदी कारकुनी आहेत. एक, ज्या सरकारी संकेतस्थळावर मुदतीचा अर्ज भरायचा असतो, ते केव्हा आणि किती वेळ बंद होतं हे त्याच संकेतस्थळावर जाहीर व्हावं. माहितीचा अधिकार कायद्याचं कलम 4 आपणहून माहिती जाहीर करायला सांगतंच. दोन, जितके तास सेवा बंद तितके तास मुदत आपोआप वाढावी, त्यासाठी आमदाराचं निवेदन आणि मंत्र्याची घोषणा लागू नये. तीन, मोठ्या बिघाडानंतर ठरावीक दिवसांत कारणाचा अहवाल लोकांसमोर यावा, मराठीत. चार, अर्ज आधी स्वीकारा, पावती द्या, पडताळणी सावकाश करा. बाजार समितीच्या गेटवर गाडीची नोंद आधी होते, मोजमाप नंतर. काटा बंद आहे म्हणून कुणी शेतकऱ्याला "तू आलाच नाहीस" असं म्हणत नाही.

यातल्या एकाही मागणीला नवं तंत्रज्ञान लागत नाही. चौथी तर आमच्याकडचा कुठलाही दोन वर्षं अनुभवाचा पोरगा बांधून देईल.

आणि एक मागणी माझ्यासारख्यांकडे. बडनेरा, अकोला, शेगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून दरवर्षी आमच्यासारखे शेकडो बाहेर पडतात. आमच्यातल्या बहुतेकांच्या घरी सात-बारा आहे आणि घरचं कुणीतरी त्या रांगेत उभं राहिलेलं आहे. आम्हाला तरी "सर्व्हर डाऊन" या शब्दांवर मान डोलावण्याची सवलत नाही. केंद्रावरच्या पोरावर ओरडू नये, त्याच्या हातात काही नसतं. पण पडद्यावर काय चूक दिसली, किती वाजता दिसली याचा फोटो काढायला, तो लावून माहिती मागवायला आणि "कारण काय" हे लेखी विचारायला आम्ही घरच्यांना शिकवू शकतो.

यंदाच्या जुलैत बाबा पुन्हा एका अर्जासाठी गेले. एक दिवस परत पाठवले गेले, दुसऱ्या दिवशी काम झालं. संध्याकाळी फोन आला तेव्हा सांगत होते, "म्या त्याले म्हटलं, डाऊन हाये तं कागदावर लिहून दे. तारीख टाक, टाइम टाक."

"मग, दिलं?"

"नाही देलं. पण रांगेतले चार जन अजून मांगू लागले."