पाने मोजली, वाचक कोण मोजणार?

‘ज्ञानाचे भांडार आता एका कळीवर उपलब्ध झाले’, हे वाक्य उच्चारल्याशिवाय आजकाल जुन्या ग्रंथांच्या डिजिटायझेशनचा एकही समारंभ पार पडत नाही. पाठोपाठ आकडा येतो. इतकी लाख पाने, इतकी हजार हस्तलिखिते, संकेतस्थळाला इतक्या भेटी. टाळ्या पडतात आणि मंडळी चहापानाकडे वळतात. त्या लाखो पानांपैकी किती वाचली गेली, कोणाला हवे ते सापडले आणि कोण रिक्तहस्ते परतला, हे विचारण्याचा अगोचरपणा मात्र कोणी करीत नाही.

राष्ट्रीय पांडुलिपी मिशन वाजपेयी सरकारच्या काळात, २००३ साली सुरू झाले. पुढे २०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ची घोषणा झाली आणि एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, नोंदणी व जतन करण्याचा संकल्प सोडला गेला. दोन्ही उपक्रम स्वागतार्हच आहेत. पण स्वागताच्या भरात मधल्या काळातील एका अनुभवाकडे डोळेझाक होता कामा नये.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने या शतकाच्या आरंभी ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ उभी राहिली. लाखो जुने ग्रंथ स्कॅन झाले, त्यांत मराठीही होते. काम प्रचंड होते, यात संशय नाही. परंतु ग्रंथांची नावे रोमन लिपीत, तीही लिहिणाऱ्याच्या मनाला येतील तशी. लेखकाच्या रकान्यात पुष्कळदा ‘उपलब्ध नाही’ एवढीच नोंद. कुठे पाने तिरकी, कुठे गहाळ. ज्याला ग्रंथाचे नेमके नाव ठाऊक, त्यालाही तो सापडेल याची शाश्वती नव्हती. चार मराठी वाचकांना बसवून ‘अमुक ग्रंथ शोधून दाखवा’ एवढे सांगितले असते, तरी हे सारे दोष आठवड्याभरात चव्हाट्यावर आले असते. पुढे स्वामित्वहक्काचा प्रश्न उपस्थित झाला आणि ते संकेतस्थळ बंद पडले. आज त्यातील बरेचसे ग्रंथ वाचायला मिळतात ते अमेरिकेतील ‘इंटरनेट आर्काइव्ह’च्या संग्रहात, काही स्वयंसेवकांनी ते तेथे नेऊन ठेवले म्हणून! भारतीय जनतेच्या पैशाने स्कॅन झालेल्या ग्रंथांसाठी परक्या दारात उभे राहावे लागते, याची खंत किती जणांना वाटते?

भेटींच्या आकड्याचेही तेच. नोव्हेंबर २००८मध्ये युरोपीय देशांनी ‘युरोपियाना’ हा संयुक्त संग्रह खुला केला, तेव्हा ताशी एक कोटी हिट्सच्या भाराखाली तो पहिल्याच दिवशी कोलमडला. त्या कोटीत वाचक किती आणि नुसते डोकावणारे किती, हे आकड्यावरून कसे कळावे? तेथील विद्वानांनी हा प्रश्न टाळला नाही. ऑक्सफर्डच्या इंटरनेट इन्स्टिट्यूटने २००९पर्यंत अशा संग्रहांचा उपयोग तपासण्याची पद्धतच तयार केली. संगणकातील नोंदींबरोबर वापरणाऱ्यांच्या मुलाखती घ्यायच्या, विद्वानांच्या लेखनात संग्रहाचा उल्लेख येतो का ते पाहायचे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने तर जुन्या वृत्तपत्रांतील यंत्राने चुकीच्या वाचलेल्या ओळी दुरुस्त करण्याचे काम वाचकांवरच सोपवले. सामान्य नागरिक घरी बसून ते हौसेने करतात. पाश्चात्त्यांचे अनुकरण करायचेच, तर ते वाढदिवसाच्या मेणबत्त्यांपाशीच का थांबावे?

महाराष्ट्रापुरते पाहिले, तर प्रश्न अधिक जिव्हारी लागणारा आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तरात कोट्यवधी मोडी कागद रुमालांत बांधलेले आहेत. रियासतकार सरदेसाई यांनी १९३०नंतरच्या अवघ्या काही वर्षांत त्यांतून निवड करून ४५ खंड प्रसिद्ध केले. त्यांच्यापाशी संगणक नव्हता, मोडी घडाघडा वाचणारी माणसे होती. आज नेमके उलटे आहे. यंत्रे मुबलक आणि वाचणारे बोटांवर मोजण्याइतके. ज्याला मोडी येत नाही, त्याच्यापुढे कागद रुमालात असला काय आणि पडद्यावर असला काय, अर्थ एकच. यंत्र मोडी वाचील, अशी आशा काही जण बाळगून आहेत. तसे प्रयत्न सुरू आहेत, हे खरे. पण यंत्राला शिकवायलाही आधी माणसांनी अचूक वाचून दिलेले कागद लागतातच.

दोष केवळ सरकारचा नाही. इतिहासाचा जाज्वल्य अभिमान बाळगणारी सुशिक्षित घरे सकाळी उठल्याबरोबर भ्रमणध्वनीवर आलेला, ना लेखक ना आधार असा ‘इतिहास’ दहा जणांना पुढे धाडतात. त्याच भ्रमणध्वनीवर विश्वकोश विनामूल्य उघडतो. तो उघडून त्या मजकुराची शहानिशा करणारे किती निघतील? इतिहासाची मोडतोड करणाऱ्यांना उत्तर द्यायचे, तर ते अस्सल कागद दाखवूनच द्यावे लागते. निराधार मजकूर पुढे धाडणारा प्रतिपक्षाच्या हाती आयतेच कोलीत देतो.

‘ज्ञान भारतम्’च्या वार्षिक अहवालात म्हणूनच पानांच्या संख्येशेजारी आणखी काही रकाने असावेत, असा आग्रह खासदारांपासून ग्रंथालयांच्या कार्यकारिणीपर्यंत सर्वांनी धरला पाहिजे. किती शोध निष्फळ ठरले? किती प्रबंधांत या सामग्रीचा आधार घेतला गेला? मोडी, शारदा, ग्रंथ या लिपी वाचणारे किती नवे तरुण तयार झाले? पहिल्या वर्षी या रकान्यांत शून्य पडले तरी बिघडत नाही. ते शून्य छापून आले पाहिजे.