दहानंतरचा कोलाहल

जयपूरच्या सवाई मानसिंह स्टेडियमच्या आवारात क्रिकेटचे मोठे उघडे मैदान आहे आणि जवळच एक छपराखालचे क्रीडागृहही आहे. मैदानात २००८ पासून आयपीएलचे सामने होत आले, क्रीडागृहात प्रो कबड्डीचे. आवार एकच असले तरी आपला ध्वनिविषयक कायदा या दोन जागांकडे वेगवेगळ्या नजरेने पाहतो, आणि माझ्या अल्प मतीप्रमाणे दोन्हीकडे मुख्य गोष्ट त्याच्या नजरेतून निसटते.

प्रथम मैदान. सामना सायंकाळी साडेसातला सुरू होतो आणि अकराच्या आसपास, कधी त्याही नंतर संपतो. कर्ण्यांतून बिगुलाची ती परिचित धून वाजते, तिला हजारो कंठांतून उत्तर मिळते, आणि प्रत्येक चौकारावर संगीताचा एक तुकडा फेकला जातो. आता नियम पाहू. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० मधील नियम ५ सांगतो की, रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपक वापरता येणार नाही. २०१० च्या दुरुस्तीने ध्वनी निर्माण करणारी उपकरणे व वाद्येही त्यात आली. (त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतील विश्वचषकात व्हुवुझेला नावाच्या पिपाणीने जगाचे कान किटवले, हा निव्वळ योगायोग.) अपवाद आहे तो सभागृहे, समाजमंदिरे अशा बंदिस्त जागांचा आणि सार्वजनिक आणीबाणीचा. उघडे मैदान ही बंदिस्त जागा नव्हे, आणि शेवटच्या षटकात बारा धावा हव्या असणे ही आणीबाणी नव्हे, प्रेक्षकांना काहीही वाटो.

उरते ती राज्य शासनाची सवलत. २००२ च्या दुरुस्तीनुसार सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवप्रसंगी, वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस, दहाऐवजी बारापर्यंत परवानगी देता येते. महाराष्ट्रात गणेशोत्सवाच्या रात्री याच पंधरातून खर्ची पडतात, हे वाचकांना ठाऊक असेलच. ऑक्टोबर २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सवलत वैध ठरवली, परंतु दोन खुंट्या पक्क्या ठोकल्या. हा अधिकार राज्य शासनाने खाली कोणाकडे सोपवायचा नाही, आणि दिवस ठरवताना संपूर्ण राज्य हा एक घटक धरायचा. २०१७ च्या दुरुस्तीपर्यंत जिल्ह्याजिल्ह्याला वेगळ्या तारखा देता येत नव्हत्या. म्हणजे तेव्हा जयपूरच्या सामन्यांसाठी पाच रात्री दिल्या असत्या, तर जैसलमेरपासून धौलपूरपर्यंत सर्वांच्या उत्सवांतून त्या पाच रात्री वजा झाल्या असत्या. शिवाय क्रिकेटचा सामना हा ‘सांस्कृतिक उत्सव’ आहे असे टिपणीत लिहिताना कोणत्याही प्रामाणिक अधिकाऱ्याची लेखणी अडखळावी.

याचा त्रास मैदानावर दिसत नाही, तो गल्लीत दिसतो. जयपूर हे लग्नांचे शहर. बँडबाजासह निघालेली वरात दहा वाजता शिपाई थांबवतो. राजस्थानात १९६३ पासून स्वतंत्र कोलाहल नियंत्रण अधिनियमही आहे, त्यामुळे शिपायाच्या पदरी कायद्याची वाण नाही. पण त्याच क्षणी स्टेडियमच्या दिशेने संगीताचा लोळ आला आणि वरपित्याने नुसते तिकडे बोट दाखवले, तर शिपायाने काय उत्तर द्यावे? माझ्या सेवेच्या आरंभीच्या काळात, एका जिल्ह्यात, रात्रीच्या टेनिस बॉल स्पर्धेचा भोंगा बंद करायला गेलो असता मला हाच प्रश्न विचारला गेला होता. समोरच्या मैदानावर त्याच रात्री एक बडा कार्यक्रम सुरू होता. मी भोंगा बंद केला आणि मान खाली घालून परतलो. तो आदेश कायदेशीर होता, याबद्दल मला आजही शंका नाही. तो न्याय्य होता का, याबद्दल आहे.

आता क्रीडागृह. येथे छप्पर असल्याने कायद्याला फारसे बोलायचे नसते. परंतु कबड्डी हा आवाजावर उभा असलेला खेळ आहे. चढाई करणाऱ्याने दम घुमवायचा, तो स्पष्ट ऐकू आला पाहिजे, तुटला तर पंचांनी त्याला परत पाठवायचे. आपल्याकडे लहानपणी हुतूतू खेळताना सारे भांडण दम तुटला की नाही यावरच होई. ज्या खेळात पंचाचा कान हेच मोजमाप, तेथे चढाई चालू असताना कर्णे गर्जत राहिले तर नियमपुस्तकातील ते कलम शोभेपुरते उरते. जयपूरच्या संघाने २०१४ ची पहिली आणि २०२२ ची स्पर्धा जिंकली, दोन्ही अंतिम सामने महाराष्ट्रातील संघांविरुद्ध. त्या चढायांतील दम प्रेक्षागारातून कितीजणांना ऐकू आला असेल?

अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांनी महाविद्यालयीन आइस हॉकी पाहिली असेल. तेथे विद्यार्थ्यांचे वाद्यपथक हा सामन्याचा प्राण असतो, तरीही शिस्त अशी की वाजवायचे ते खेळ थांबलेला असताना, चकती हलली की वाद्ये खाली. हवेवर चालणारे भोंगे तर आत नेताच येत नाहीत. या शिस्तीला डेसिबल मोजावे लागत नाहीत. आमच्या नियमांत निवासी भागासाठी रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण ती सिद्ध करायला यंत्र हवे, यंत्र वापरणारा प्रशिक्षित मनुष्य हवा, पंचनामा हवा. तोवर सामना संपून लोक घरी गेलेले असतात. वाद्य केव्हा वाजले हे मात्र कोणालाही, अगदी शिपायालाही, उघड्या कानांनी कळते.

म्हणून माझे म्हणणे असे. केंद्र शासनाने नियम ५ मध्ये क्रीडा सामन्यांसाठी उघड, स्वतंत्र तरतूद करावी. उत्सवांच्या पंधरा दिवसांत ते चोरून बसवू नयेत. प्रत्येक मैदानाला वर्षाकाठी ठरावीक रात्री द्याव्यात आणि त्या आधी जाहीर कराव्यात, म्हणजे शेजारच्या घरात परीक्षेचा विद्यार्थी किंवा आजारी माणूस असेल तर त्याला तयारी करता येईल. दहानंतर कर्ण्यावरून केवळ आवश्यक सूचना द्याव्यात, संगीत अजिबात नको. दहापूर्वीही चेंडू किंवा चढाई चालू असताना यंत्रणा मूक राहावी. ध्वनियंत्रणेची कळ ज्याच्या हाती असेल त्याचे नाव आयोजकाने परवानगीच्या अर्जातच लिहून द्यावे. गर्दीतील हजारोंना जबाबदार धरता येत नाही. कळ दाबणारा एकच असतो.

यावर सामन्याची रंगत जाईल असा आक्षेप येईल. प्रेक्षकाच्या कंठाला आणि टाळ्यांना नियम ५ हात लावत नाही, आणि लावूही नये. रंगत तेथूनच येते. यंत्रातून येतो तो गोंगाट, आणि त्याचे भाडे आयोजक भरतो. महसुलाचा आक्षेप अधिक वजनदार आहे, कारण सामन्यांतून शहराला रोजगार मिळतो, हॉटेले भरतात. पण तिकीट घेणारा माणूस खेळ पाहायला येतो. दहानंतरच्या त्या तासाभरात केवळ बॅटीचा आवाज आणि लोकांचा गलका ऐकू आला, म्हणून कोणी पैसे परत मागेल असे मला वाटत नाही.

वरात थांबवणाऱ्या त्या शिपायालाही मग उत्तर देता येईल. जाहीर तारखांची यादी त्याच्या खिशात असेल, आणि स्टेडियमकडून तेव्हा फक्त माणसांचा आवाज येत असेल.