विश्लेषण : ‘समाज चषक’ आणि पंचरंगी क्रिकेटचा धडा

भातकापणी आटोपून शेते सुकली, की अलिबाग-मुरुडपासून श्रीवर्धनपर्यंत टेनिस चेंडूच्या क्रिकेटचा हंगाम सुरू होतो. त्यातल्या काही स्पर्धा गावांच्या असतात, काही समाजाच्या. समाजाच्या स्पर्धेत त्याच समाजाच्या मुलांना खेळता येते. आयोजक म्हणतात, यातून समाज एकत्र येतो. टीकाकार म्हणतात, मैदानावर जात आणू नका. हा वाद जुना आहे आणि तो एकदा मुंबईच्या मैदानांवर लढला गेला आहे.

पंचरंगी सामने म्हणजे काय?

मुंबईत १८९२ पासून युरोपीय आणि पारशी यांच्यात वार्षिक सामने सुरू झाले. १९०७ मध्ये हिंदू आल्यावर ते तिरंगी झाले, १९१२ मध्ये मुस्लीम आल्यावर चौरंगी. १९३७ मध्ये ‘रेस्ट’, म्हणजे उरलेल्या सर्वांचा, पाचवा संघ आला आणि सामने पंचरंगी झाले. ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू हे सारे ‘रेस्ट’मध्ये. अलिबागच्या परिसरातून मुंबईत गेलेल्या बेने इस्रायली समाजातला कुणी खेळाडू निवडला गेला असता, तर तोही याच संघात. सांगलीचे विजय हजारे ख्रिस्ती असल्यामुळे ‘रेस्ट’कडून खेळत. १९४३-४४ च्या अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या.

मग दलित खेळाडू कुठे होते?

त्यांचा वेगळा संघ नव्हता. कागदावर ते हिंदू संघात होते, पण पंगतीला नव्हते. याचे सर्वात ठळक उदाहरण पालवणकर बंधूंचे. चर्मकार समाजातले हे कुटुंब, आडनाव कोकणातल्या मूळ गावावरून आलेले. थोरले बाळू पुण्यात गोऱ्यांच्या क्लबमध्ये खेळपट्टीची निगा राखत आणि ग्रेग या इंग्रज फलंदाजाला सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी करत. त्या डावखुऱ्या फिरकीची कीर्ती पसरल्यावर पुण्याच्या हिंदूंनाही ते संघात हवेसे झाले. मैदानावर सहकारी त्यांनी टाकलेलाच चेंडू हाताळत. चहा मात्र त्यांना पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी दिले गेले नाही. १९२० मध्ये त्यांना डावलले गेले, तेव्हा धाकटे बंधू विठ्ठल आणि शिवराम यांनी निषेध म्हणून माघार घेतली. त्यानंतर बाळूंना परत बोलावून उपकर्णधार करण्यात आले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली.

याचा रायगडशी संबंध काय?

त्याच १९२३ साली मुंबई विधिमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला : सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याला मान्यताही दिली. पण चवदार तळ्याचे पाणी प्रत्यक्षात ओंजळीत घेण्यासाठी २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि न्यायालयीन निकालासाठी १९३७. कर्णधारपद मिळाले म्हणून पाणी मिळत नाही, हे याच जिल्ह्याने पाहिले. म्हणून मैदानावरचे यश कमी ठरत नाही. बाळूंचा पराक्रम तरुण आंबेडकरांना अभिमानाचा वाटत होता. पुढे राजकारणात दोघांचे मार्ग वेगळे झाले आणि १९३७ च्या निवडणुकीत बाळू त्यांच्याविरुद्ध काँग्रेसचे उमेदवार होते.

अमेरिकेतली तुलना काय सांगते?

वर्णभेदाच्या काळात अमेरिकेच्या दक्षिणेत गोऱ्यांच्या विद्यापीठांची दारे कृष्णवर्णीयांना बंद होती. म्हणून त्यांच्या स्वतंत्र महाविद्यालयांनी आपले फुटबॉल संघ उभे केले. लुइझियानातल्या ग्रॅम्ब्लिंगचे प्रशिक्षक एडी रॉबिन्सन यांनी १९४१ पासून अर्धशतकाहून अधिक काळ असा संघ घडवला. त्यांचा शिष्य टँक यंगर १९४९ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सकडून व्यावसायिक लीगमध्ये उतरला. अशा महाविद्यालयातून तिथवर पोहोचलेला तो पहिला खेळाडू. पालवणकरांकडे असे स्वतःचे मैदान, स्वतःचा प्रशिक्षक, स्वतःचा कर्णधार नव्हता. पुढे गोऱ्यांच्या विद्यापीठांनी दारे उघडली, तेव्हा गुणी खेळाडू तिकडे वळले आणि या जुन्या संघांची ताकद ओसरली. समान संधीची ही किंमतही लक्षात ठेवायला हवी.

पंचरंगी सामने का थांबले?

डिसेंबर १९४० मध्ये गांधीजींनी धर्मावर आधारित या सामन्यांना विरोध दर्शवला. बाजू दोन्हीकडे होत्या. सामने लोकप्रिय होते, तिकिटे खपत होती, आणि हिंदू-मुस्लीम सामन्यानंतर खेळाडू एकमेकांना दाद देत, असे समर्थक सांगत. पण बाहेर दंगली पेटत असताना धर्माच्या नावाने हरणे-जिंकणे परवडणारे नव्हते. महायुद्ध संपल्यानंतरचा १९४५-४६ चा हंगाम अखेरचा ठरला. योगायोग असा, की १९४६ मध्येच अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉल लीगने कृष्णवर्णीय खेळाडूंवरची अघोषित बंदी मोडली.

मग ‘समाज चषक’ चुकीचा का?

प्रत्येक समाज चषक चुकीचा नाही. ज्यांना कुणी संघात घेत नव्हते, त्यांनी आपला संघ काढणे हा स्वाभिमान होता. आजही एखाद्या वाडीतल्या मुलांना गावच्या संघात जागा मिळत नसेल, तर त्यांच्या स्पर्धेला नावे ठेवण्याआधी गावाच्या संघनिवडीकडे पाहावे. पण ज्यांच्यासाठी सगळी दारे उघडी आहेत, त्यांनी ‘फक्त आपली मुले’ असा नियम करणे म्हणजे पॅव्हेलियनबाहेरचे मातीचे भांडे परत आणणे. मैदान गावकीचे किंवा ग्रामपंचायतीचे असेल आणि बक्षीस लोकप्रतिनिधी देत असतील, तर स्पर्धा सर्वांना खुली असलीच पाहिजे. समाज मंडळांनी चषकाला हवे ते नाव द्यावे, पण खेळाडूंच्या यादीतून जातीची अट काढावी. पुढच्या हंगामाचे नियम छापण्याआधी एवढा बदल सहज करता येईल.