मतच नाही, तर जाब कोणाला विचारणार?



कोल्हापूर जिल्ह्याचे मत कोणाच्या खिशात नाही. 2009 साली सदाशिवराव मंडलिक अपक्ष लढून खासदार झाले. शेजारच्या हातकणंगल्यातून ऊसदराच्या आंदोलनातले राजू शेट्टी निवडून आले. 2019 साली शेट्टींनाही मतदारांनी घरी बसवले.

पण मार्च 2022 मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली. ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात अडकला आणि तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचे राज्य चालले. शाळा, दवाखाना, गावरस्ता यांचा जाब कोणाला विचारायचा? साहेबाला मताची भीती नसते.

कापूस-ज्वारीच्या जिल्ह्यांनीही हेच भोगले. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या, असे राज्यघटनाच सांगते. आपण भीक मागत नाही. हक्काचे मत मागतो.