उतारावरचा मुक्काम

आपल्या घरांतल्या गप्पांत हल्ली ‘मोटरहोम’ हा शब्द अधूनमधून ऐकू येतो. कोकणातली कितीतरी कुटुंबे ब्रिटनमध्ये आहेत. तिकडून फोन येतो, “या सुट्टीत अम्मीला घेऊन स्कॉटलंडला चाललोय, हॉटेल नको, घरच सोबत नेतो.” इकडे महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. चूल आपली, भांडी आपली, वजूला पाणी हाताशी, पोरांना पाय पसरायला जागा. फायदे सगळेच सांगतात. रात्री ही गाडी उभी कशी करायची, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

उर्दूत सपाट जमिनीला ‘हमवार’ म्हणतात. मुलांना हा शब्द शिकवताना आम्ही नेहमी शाळेच्या मैदानाकडे बोट दाखवतो आणि विचारतो, हे हमवार आहे का? सगळे हो म्हणतात. मग पहिला पाऊस येतो आणि पाणी एका कोपऱ्यात जाऊन साचते. मुक्कामाच्या जागांचेही तसेच. हिरवळ दिसायला सपाट, पण पाणी निथळावे म्हणून किंवा मुळातच डोंगराची कूस म्हणून ती कुठेतरी कललेली असते. मोटार उभी करताना याचे काही वाटत नाही. घर उभे करताना वाटते. मोरीतले पाणी जाळीकडे न जाता उलट्या कोपऱ्यात थांबते, कपाटाचे दार आपोआप उघडते, कढईतले तेल एका बाजूला जमते. दोन मीटर लांबीचा बिछाना २ अंशांनी कलला की डोके आणि पाय यांच्यात जवळजवळ ७ सेंटिमीटरचा फरक पडतो. डोके खालच्या बाजूला असेल तर सकाळी जड डोक्याने उठायचे. जानमाज अंथरली तर उतार कपाळालाच कळतो.

पण हे सगळे सोसण्यासारखे. न सोसण्यासारखी गोष्ट फ्रिजची.

मागच्या मे महिन्यात आम्ही फुफीजानच्या कुटुंबासोबत अशाच एका गाडीत होतो. फुफीजानना मधुमेह, महिनाभराचे इन्सुलिन फ्रिजमध्ये. त्यांच्या मुलाने गाडी संध्याकाळी एका टेकडीच्या पायथ्याशी नजरेच्या अंदाजाने लावली. सकाळी दूध काढले तर कोमट. फ्रिजचा दिवा चालू, गॅस चालू, आत गारवा नाही. गाडी भाड्याने देणाऱ्याने चावी देताना टीव्ही कसा लावायचा ते दाखवले होते, उताराबद्दल चकार शब्द नाही.

असे का झाले? आपल्या घरच्या फ्रिजला कॉम्प्रेसर असतो, तो घुरघुरतो. मोटरहोममधल्या बऱ्याच फ्रिजना तो नसतोच. १९२२ मध्ये स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठातल्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी आगीवर चालणारा फ्रिज तयार केला, त्याचेच हे वंशज. आगीवर थंडावा, हे ऐकून मुले हसतात. आत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन एका बंद नळीत असतात. खालची ज्योत अमोनियाला पाण्यातून उकळून वेगळे करते. अमोनियाची वाफ वर जाते, निवते, द्रव होऊन घरंगळत खाली येते, फ्रिजच्या आतल्या भागात पुन्हा वाफ होते आणि तिथली उष्णता ओढून घेते. पुढे पाणी तिला परत पोटात घेते आणि दोघे ज्योतीकडे परततात. या सगळ्या फेऱ्यात फिरणारा एकही भाग नाही. द्रव पुढे जातो तो केवळ उतारामुळे, आणि तो उतार नळ्यांना कारखान्यातच मोजून दिलेला असतो. आपण सगळी गाडीच कलती केली की तो हिशेब बिघडतो. द्रव वाटेत थबकतो, ज्योतीवरचा भाग कोरडा पडून भाजतो, आणि असे तासन्‌तास चालले तर नळी कायमची निकामी होऊ शकते.

गाडी चालू असताना हे होत नाही. चढ येतो, वळण येते, द्रव हिंदकळत राहतो. धोका असतो तो उभ्या गाडीला. साधारण मर्यादा आडव्या बाजूने ३ अंशांची धरतात; नेमका आकडा फ्रिजच्या पुस्तिकेत असतो. शिवाय हा फ्रिज मुका आणि संथ. बंद पडला तरी आवाज बदलत नाही आणि समजायला रात्र जाते. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते. वापरात असलेले पेन बहुतेक वेळा सुमारे चार आठवडे बाहेर चालते, पण ते त्याच्या पाकिटावर पाहावे. तिथे थंडी होती म्हणून साठा वाचला. कोकणातला मे असता तर?

आता उपाय. गवंड्याकडची पाणसळ, म्हणजे बुडबुड्याची लेव्हल, सोबत घ्यावी. शंभर-दोनशे रुपयांची वस्तू. फोनमध्येही ती सोय असते, पण जाड कव्हर काढून मगच फोन ठेवावा. एक मीटरची सरळ पट्टी गाडीच्या फरशीवर आडवी धरा, वर पाणसळ ठेवा, आणि बुडबुडा मधोमध येईपर्यंत पट्टीचे खालचे टोक उचला. फरशी आणि टोक यांतले अंतर मोजा. ते पावणेदोन सेंटिमीटर भरले की कल १ अंशाचा. डावी-उजवी चाके १.८ मीटर अंतरावर असतील तर त्या अंतराला १.८ ने गुणा; खालच्या बाजूची चाके तेवढी उचलायची. ३ अंशांना सुमारे ९ सेंटिमीटर होतात. नववीचे गणित आहे, मुलांनाच करायला द्यावे.

चाके उचलायला प्लॅस्टिकच्या पायऱ्यापायऱ्यांच्या पाचरी मिळतात. खालच्या चाकांपुढे त्या सरळ रेषेत ठेवून गाडी पहिल्या गिअरमध्ये हळूच चढवायची. जमीन ओली असेल तर पाचरीखाली फळी हवी. बाहेर इशारा करणारा माणूस एकच असावा आणि तो चालकाच्या आरशात दिसेल असा बाजूला. गाडीच्या पुढे किंवा मागे कोणीही नाही. मुले कुठे आहेत ते मोजून घ्यायचे, यात आम्ही कुणाचीही भीड ठेवत नाही. मग हँडब्रेक आणि चाकांना अडकण. कोपऱ्यातले टेकू गाडी डुलू नये म्हणून असतात, तिला उचलायला नव्हे. ज्या मोठ्या गाड्यांना उचलणारे हायड्रॉलिक जॅक असतात, तिथे आणखी एक जपायचे: हँडब्रेक बहुधा मागच्या चाकांवर असतो. ती चाके जमिनीवरून सुटली की ब्रेक लावूनही नसल्यासारखाच.

जागा निवडतानाच थोडे पाहिले तर पाचरीही कमी लागतात. आणि घरात गुडघे दुखणारे कोणी असेल तर गाडीचे दार चढाच्या बाजूला यावे. उचलायची ती पलीकडची बाजू, म्हणून पायरी जमिनीजवळ राहते. दार उताराकडे आले तर तीच बाजू उचलावी लागते आणि पायरी आणखी वीतभर वर जाते. फुफीजानना पहिल्या रात्री दोघांनी धरून चढवले. दुसऱ्या दिवशी गाडी फक्त तोंड फिरवून लावली, आणि त्या कठडा धरून एकट्या आत गेल्या.

निघताना आधी चालकाचा पाय ब्रेकवर, मग अडकण काढायचे, आणि गाडी खाली उतरल्यावर पाचरी मोजून उचलायच्या. चिखलाने भरलेल्या असतात, म्हणून एक जुनी गोणी बरोबर ठेवावी.