चावडी आली घरात

सरकारी कारभार उघड्यावर यावा, असे म्हणणाऱ्यांपैकी मी एक. २००५ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा आला, तेव्हा आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मी व्याख्यानच झोडले होते. दहा रुपये भरून अर्ज करावा आणि तीस दिवसांत सरकारने उत्तर द्यावे, याहून मोठे स्वराज्य ते कोणते? कारभाराला काचेच्या भिंती हव्यात, असे मी म्हणालो आणि टाळ्या पडल्या. त्या काचेतून आपलेही घर दिसते, हे मात्र तेव्हा लक्षात आले नाही.

त्याचे असे झाले. नानांच्या मागे गावची अडीच एकर जमीन राहिली. वारसांची नोंद करायची होती. धाकट्याने आणि मी अर्ज केला आणि त्यात आम्हा दोघांचीच नावे दिली. ताईचे नाव राहिले. खरे सांगायचे तर, ठेवले. ‘तिला काय कमी आहे?’ ही आमची सबब. कायद्याने बहिणीचा वाटा बरोबरीचा, हे दोघांनाही पक्के ठाऊक होते.

पूर्वी फेरफाराची नोटीस गावच्या चावडीवर लागे. पंधरा दिवसांत हरकत घ्या, असे ती सांगे. पण ती वाचायला सासरहून कोण जाणार? आता महसूल खात्याने ‘आपली चावडी’ संगणकावर मांडली आहे. जिल्हा, तालुका, गाव निवडावे, की नोटीस घरबसल्या पुढे हजर. आमच्या भाच्याने ती नागपुरात बसून मोबाइलवर वाचली.

गेल्या भाऊबीजेला ताई आली. नेहमीसारखे ओवाळले, करंज्यांचा डबा हाती दिला. मग मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाली, “बाळू, चष्मा लाव. यात माझे नाव कुठे दिसते का बघ. मला नाही सापडले.”

करंजी घशातच अडकली. “हरकत घेतलीस?” मी कसेबसे विचारले.

“अजून चार दिवस आहेत. म्हटले, आधी ओवाळून घ्यावे.”

वाचकहो, कुठल्याही नोटिसीने झाले नसते, ते त्या एका वाक्याने झाले. दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघे भाऊ गावची गाडी धरून गेलो आणि तिसऱ्या नावाचा अर्ज दिला. यंत्र नोटीस दाखवते. नाव घालायला माणसालाच जावे लागते.

पण एक विचार अजून छळतो. चावडी सर्वांना उघडी झाली खरी, तरी ती पाहणाऱ्यालाच दिसते. ज्या बहिणीला असा भाचा नाही, तिचे पंधरा दिवस गुपचूप सरतात. तेव्हा यंदा फराळ झाल्यावर घरातल्या मुलांकडून आपल्या गावची चावडी एकदा उघडून घ्या. आणि आईला, आत्याला शेजारी बसवा.

ताईच्या ताटात मी त्या दिवशी काही घातले नाही. ती ओवाळणी पुढे सातबारावर चढली.